थिजलेली वाळू

लेमायानने मेलेल्या शेळीचे मागचे पाय धरले, तिला डोक्याभोवती गरगर फिरवलं आणि फाटकावरून आत भिरकावलं. शर्वरीच्या पुढ्यात ती धप्पकन आदळली. पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी. चौथी काटेरी तारेत अडकून तिथेच लोंबकळत राहिली.

"पोटं फाडून बघा!" तो बाहेरून ओरडत होता. "आत पाण्याचा थेंब सापडला तर माझी मान कापा!"

त्याचे शब्द नायसुला इंग्रजीत सांगत होती. भाला घेऊन बाहेर उभा असलेला तो उंचापुरा माणूस तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

उत्तर केनियातल्या त्या रखरखीत माळावर 'तुमाईनी' नावाची वस्ती उभी राहत होती. तुमाईनी म्हणजे आशा. एकामागोमाग एक पडलेल्या दुष्काळांत ज्यांची सगळी जनावरं मेली, अशा गुराखी कुटुंबांसाठी ही घरं होती. विटा भाजायच्या नाहीत, सिमेंट आणायचं नाही, वीज उन्हाची, खत घरचं, असा सगळा बेत. सांगलीकडच्या एका विद्यापीठातली मुलं प्राध्यापक देऊस्करांच्या हाताखाली तो पार पाडत होती. शर्वरी कोकरे त्यांतलीच एक. माणदेशातल्या धनगराच्या घरातली, हाडापेराने मजबूत, अंगमेहनतीला न लाजणारी मुलगी. मामाचा जेसीबी लहानपणापासून चालवलेला, त्यामुळे इथल्या यंत्रावरही तीच बसायची. नायसुला ही वस्तीतली पहिली रहिवासी. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. विटांच्या साच्यांवर काम करता करता ती शर्वरीची जिवाभावाची मैत्रीण झाली होती.

बाहेरचा एक तरुण फाटकाच्या जाळीवर चढला. पहारेकऱ्यांचा नायक मुतुआ शांतपणे पुढे गेला आणि जाळीत अडकवलेल्या त्याच्या बोटांवर त्याने बंदुकीचा दस्ता हाणला. बोटं मोडल्याचा आवाज शर्वरीला स्पष्ट ऐकू आला. तो तरुण किंचाळत खाली पडला. मुतुआने हवेत एक गोळी झाडली तेव्हा जमाव मागे हटला.

जाता जाता लेमायानने कमरेच्या फडक्यातून काहीतरी काढून आत फेकलं. नारळाएवढा दगड होता तो.

"तुम्ही आमचं पाणी दगड केलंत!" नायसुलाने त्याचे शब्द सांगितले आणि खाली मान घातली.

देऊस्कर सर गर्दी पांगल्यावर आले. त्यांनी शेळ्यांकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला. "दुष्काळात माणसाला कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं असतं," ते म्हणाले. "शेळ्या पुरून टाका. साचे थांबता कामा नयेत."

शर्वरीने मात्र तो दगड उचलला होता. त्यावरून तिने बोट फिरवलं. तो खरखरीतपणा तिच्या बोटांच्या ओळखीचा होता. असल्या शेकडो विटा तिने साच्यांतून काढल्या होत्या.

त्या विटा कशा होतात हे इथे सांगायला हवं. सरांनी प्रयोगशाळेत एक जीवाणू घडवला होता. मुलांनी त्याचं नाव 'गवंडी' ठेवलं होतं. मूत्रातला युरिया हे गवंड्याचं खाणं. युरिया फोडला की त्यातून कार्बोनेट सुटतं. जवळच्या पाण्यात कॅल्शियम असेल तर त्या दोघांची गाठ पडते आणि चुनखडी तयार होते. ही चुनखडी वाळूच्या कणांमधल्या फटीत बसते आणि कणाला कण सांधत जाते. साच्यात वाळू भरायची, गवंडी सोडायचा, वस्तीतल्या मुताऱ्यांतून गोळा केलेलं मूत्र आणि बोअरचं मचूळ पाणी पाजत राहायचं, की सुट्या वाळूची घण घातला तरी न फुटणारी वीट तयार. ना भट्टी, ना धूर.

हा गवंडी बाहेर पळाला तर काय, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला होता. सरांनी त्याला पथ्यावर बांधलं होतं. ब-१२ हे जीवनसत्त्व मिळालं नाही, तर तो तग धरू शकत नसे. साच्यात ते थेंबाथेंबाने घातलं जाई. बाहेर कोरड्या वाळूत त्याला ते कोण देणार? शिवाय त्याची ओळख पटावी म्हणून त्याच्यात आणखी एक गुण घातलेला होता. निळ्या दिव्याच्या उजेडात तो हिरवा चमके. एवढी काळजी घेतल्यावर साचे धुतलेलं पाणी चरातून खुशाल लोयांगा नदीच्या पात्रात सोडलं जात होतं. तो चर शर्वरीने आणि तिचा वर्गमित्र निहाल शिकलगार याने मिळूनच खणला होता.

दुपारी ती निहालला म्हणाली, "गाडी काढ. नदीवर जायचंय."

"डोकं फिरलंय का तुझं? सकाळी बघितलंस न्हवं?" निहाल मिरजेचा. बोलताना हातवारे करायचा, हसवायचा, आणि शर्वरीने सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. "सरांना विचारलंस?"

"नाही विचारलं. नायसुला येतीय बरोबर. तिची माणसं आहेत तिकडं."

"तिची माणसं आहेत म्हणूनच भ्या वाटतंय," असं म्हणत त्याने किल्ली घेतली.

लोयांगाला वर्षातले थोडे दिवस पाणी असे. एरवी नुसती वाळू. पण वाळूच्या पोटात पाणी टिकून राही आणि गुराखी पात्रात झिरे खणून ते वर काढत. शर्वरीला हे नवं नव्हतं. तिच्या गावाकडे माणगंगेच्या पात्रातही असेच झिरे खणत.

झिऱ्यांपाशी बायका बसल्या होत्या. त्यांच्या हातात घमेली नव्हती, पहारी होत्या. एक बाई पहार उचलून वाळूवर मारत होती आणि दर घावाला ठणकन आवाज येत होता. वितीएवढ्या सुट्या वाळूखाली सलग खडक पसरला होता. झिऱ्यांच्या कडा, तळ, जनावरं उभी राहायची ती जागा, सगळं एकसंध. एका ठिकाणी उंटाच्या पायाचा ठसा जसाच्या तसा दगडात उमटलेला होता.

शर्वरीने एक ढलपी तोडली. ऊन रणरणत होतं, त्यात काही दिसणार नव्हतं. तिने नायसुलाच्या खांद्यावरची चादर मागितली, दोघी तिच्याखाली डोकी घालून बसल्या आणि शर्वरीने निळा दिवा लावला.

दगड हिरवागार पेटला.

"हे माझ्या घराच्या भिंतीसारखं का चमकतंय?" नायसुलाने विचारलं.

शर्वरी चादरीबाहेर आली. तिच्या पायाखाली लेंड्यांचा थर होता. एक लेंडी तिने बोटांत चुरली आणि मग तिला सगळा उलगडा झाला. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातच ब-१२ तयार होतं, हे तिने बारावीला वाचलं होतं. सरांनीही वाचलं असणार. पण प्रयोग झाले ते स्वच्छ धुतलेल्या वाळूत. इथे जनावरं पाण्यासाठी जमत, पाणी पिता पिता मुतत, लेंड्या टाकत. मुतातून युरिया, लेंडीतून पथ्याचं औषध, झिऱ्यातून कॅल्शियम. साच्यात जे जे मापून घालावं लागे, ते ते इथे कळप रोज आपणहून आणून ओतत होते. गवंडी बरोबर पाणवठ्यावरच जगला होता. आणि उद्या नवा झिरा खणला, तर कळप तिथे जाईल आणि त्याच्यामागून गवंडीही जाईल.

"आपलाच हाय, निहाल," ती म्हणाली. "आपण खणलेल्या चरातनं आलाय."

"हळू बोल की, तुझ्या आवाजावरनं नायसुलाला कळंल." निहालचा चेहरा उतरला. "आधी सरांना सांगू. इथनं निघू."

पण निघायला उशीर झाला होता. काठावरच्या बाभळींतून लेमायान आणि त्याची माणसं उतरत होती. निहाल गाडीकडे धावला. सुंई करत एक लाकडी सोटा आला आणि त्याच्या जबड्यावर बसला. निहाल कोलमडला. उठायला गेला तर दोघांनी त्याचे केस धरले, त्याला फरफटत झिऱ्यापाशी आणलं आणि त्याचं तोंड खडकावर आपटलं. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. रक्त आणि दातांचे तुकडे दगडावर सांडले.

"पी!" लेमायान त्याच्या मानेवर गुडघा रोवून ओरडत होता. "हे पाणी पी! आमच्या शेळ्या पितात, तूही पी!"

"सोडा त्याला!" शर्वरीने एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला. त्याने तिला लाथेने दूर उडवलं. ती पडल्या पडल्याच ओरडली, "नायसुला, त्याला सांग! सांग की हे खरं आहे! हा दगड आमच्यामुळे झालाय!"

नायसुलाने तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, ती हे सांगणार नाही. मग तिने सांगितलं.

लेमायानचा गुडघा ढिला झाला. आजवर वस्तीतल्या प्रत्येकाने त्याला वेडात काढलं होतं. तो शर्वरीपाशी येऊन उकिडवा बसला. डोळे लाल, ओठ भेगाळलेले.

"तुमच्याकडे लोखंडी चोचीचं यंत्र आहे," तो म्हणाला. "ते आण. हे फोड. उद्या ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट बघतो. त्यानंतर जनावरं तुमच्या टाकीवर घेऊन येणार. आडवा येईल तो मरेल."

वस्तीच्या दवाखान्यात निहालचा जबडा बांधला गेला. शर्वरी तशीच, रक्ताने माखलेल्या कपड्यांनी सरांपुढे जाऊन उभी राहिली. तिने दगड टेबलावर ठेवला, दिवे मालवले आणि निळा दिवा लावला.

सरांनी उठून खोलीतला दिवा लावला आणि खिडकी बंद केली.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नदीवरच्या सगळ्यांना. सर, आपला जेसीबी, त्याला खडक फोडायचा ब्रेकर लावलेला आहे. आजच गेलं तर थोडे झिरे मोकळे होतील. मग जनावरं पात्रात उतरू द्यायची नाहीत, पाणी काठावर आणून पाजायचं. म्हणजे गवंडी उपाशी मरेल. हे त्यांना सांगितलं तर..."

"शर्वरी, बस जरा." सरांचा आवाज मऊ होता. "ब्रेकर पाठवला की आपण कबूल केलं असा अर्थ होतो. दुसऱ्या दिवशी सरकार प्रकल्पाला टाळं ठोकेल. ही कुटुंबं पुन्हा उघड्यावर येतील. नायसुलाच्या मुली कुठे जातील? अजून पाच देशांत या विटा जाणार आहेत. मला एक वर्ष दे. गवंड्याला मारणारा विषाणू मी बनवेन. गाजावाजा न करता सगळं निस्तरेन."

"एका वर्षात ते मरतील, सर."

"टँकरने पाणी पाठवू त्यांना."

"कधी?"

फोन उचलून सरांनी मुतुआला बोलावलं आणि सगळ्या पहारेकऱ्यांना बंदुका द्यायला सांगितलं. जेसीबीची किल्ली त्यांनी शर्वरीकडे मागितली. तिने ती टेबलावर ठेवली. यंत्राच्या सीटखाली दुसरी असते, हे तिने सांगितलं नाही.

निहाल पडून होता. तोंड बांधलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. तिने सगळं सांगितल्यावर तो दातांच्या फटीतून, लाळ गाळत बोलला, "माझं तोंड फोडलं त्यांनी. आनि तू त्यांच्यासाठी भांडतीयस?"

"त्यांची जनावरं मरत्यात, निहाल."

"मी बी मेलो असतो. तवा तू काय म्हनलीस? 'खरं हाय,' म्हनलीस." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा. माझ्याजवळ थांबू नगंस."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा आधी धूळ दिसली, मग घंटांचा आवाज आला. सगळा कळप येत होता. गाई, शेळ्या, उंट, हाडांचे सापळे झालेले. मागून माणसं हाकारत होती, पण हाकारायची गरजच उरली नव्हती. वस्तीच्या टाकीतल्या पाण्याचा वास जनावरांच्या नाकात शिरला होता आणि ती आपोआप पळत सुटली होती.

"थांबा!" मुतुआ भोंग्यावर ओरडला. तहानलेली गाय भोंग्याला थांबत नाही. पहिली रांग फाटकावर आदळली, मागची तिच्या अंगावर चढली. बरगड्या मोडत होत्या, शेळ्या चिरडल्या जात होत्या. फाटक वाकलं आणि बिजागऱ्यांसकट आत कोसळलं.

पहारेकऱ्यांनी गोळीबार सुरू केला. आधी जनावरांवर. एक उंट गुडघ्यांवर बसला, तोंडातून रक्ताचा फेस आला, तरी मान टाकीच्या दिशेनेच ताणलेली. मग धुळीत भाले दिसले आणि गोळ्या माणसांना लागू लागल्या. ज्याची बोटं काल मोडली होती तो तरुण पोट धरून शर्वरीच्या समोर बसला आणि आश्चर्य वाटल्यासारखा आपल्या हातांकडे बघत आडवा झाला.

तेवढ्यात एका घरातून किंकाळी आली. तो तरुण वस्तीतल्याच एका बाईचा भाचा होता. बाहेरची माणसं वस्तीला परकी नव्हतीच, त्यांची जनावरं अजून जगली होती, तेवढाच काय तो फरक. ती बाई फावडं घेऊन धावली आणि मुतुआच्या मानेवर तिने ते घातलं. मग वस्तीच पहारेकऱ्यांवर उलटली. साच्यांच्या लोखंडी पट्ट्या, विटा, पहारी, हाताला येईल ते. मुतुआ कण्हत पडला होता, त्याच्या छातीत कुणीतरी भाला खुपसला. देऊस्कर सर कचेरीच्या दारात दोन्ही हात वर करून "प्लीज, प्लीज" म्हणत होते. वीट त्यांच्या कपाळावर बसली. ते उंबऱ्यावर कोसळले ते पुन्हा उठले नाहीत.

शर्वरी जेसीबीकडे पळाली. सीटखालची किल्ली काढली, यंत्र सुरू केलं. फाटकातून जाणं शक्य नव्हतं. तिने ब्रेकर सरळ मागच्या कुंपणभिंतीवर टेकवला. स्वतःच्या हाताने रचलेली भिंत तिने फोडली. विटांचे तुकडे काचेवर उडत होते. खिंडार पडताच तिने भोंगा दाबून धरला आणि दाबूनच ठेवला.

लेमायानने तो ऐकला. धुळीतून तो धावत आला. एक कान तुटून लोंबत होता, भाल्याचा हात कोपरापर्यंत लाल. ब्रेकरकडे आणि खिंडाराकडे बघून तो काय ते समजला. त्याने आपल्या माणसांना लांबलचक हाळी घातली आणि नदीच्या दिशेने हात केला. मग तो यंत्राच्या पायरीवर चढला, एका हाताने दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने शर्वरीला वाट दाखवू लागला.

मागे गोळीबार थांबत चालला होता. शर्वरीने आरशात पाहिलं. माणसं झुंजणं सोडून जनावरांना वळवू लागली होती. आता जमेल, असं तिला वाटलं.

त्याच वेळी दवाखान्याच्या गच्चीवरून एक गोळी सुटली.

लेमायान दचकल्यासारखा ताठ झाला. तो पडला नाही. दांडीवरची त्याची पकड तशीच होती. फक्त शर्वरीच्या बाहीवर गरम काहीतरी सांडलं. तिने मागे पाहिलं. गच्चीवर बांधलेल्या तोंडाचा निहाल उभा होता, आणि त्याच्या हातात मेलेल्या पहारेकऱ्याची बंदूक होती.

पुढे कोर्टात निहालने सांगितलं की, तो माणूस शर्वरीला पळवून नेतोय असं मला वाटलं, तिला वाचवायला मी गोळी झाडली. ते खरं असेल. आदल्या दिवशीचा तो गुडघा त्याला आठवत असेल, हेही खरं असेल. त्याला स्वतःला तरी नक्की माहीत होतं की नाही, कोण जाणे.

शर्वरीने यंत्र थांबवायला पाय ब्रेकवर नेला. लेमायानने मान हलवली आणि पुढे बोट दाखवलं. पात्राच्या काठापर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याचा हात सुटला.

ती खाली उतरली, ओढणी त्याच्या जखमेत कोंबली, दोन्ही हातांनी दाबून धरली. रक्त बोटांमधून येतच राहिलं. त्याने एकदा नदीकडे बघितलं. नंतर त्याचे डोळे उघडेच राहिले.

माणसं जमली. शर्वरीभोवती भाल्यांचं रिंगण झालं. कुणी पुढे आलं नाही, कारण तिचं काय करायचं ते मेलेल्याच्या बहिणीने ठरवायचं होतं आणि तिला त्यांनी वाट करून दिली होती.

नायसुला धापा टाकत आली. भावाकडे बघितलं. खाली वाकून त्याचे डोळे मिटले. मग त्याचा भाला उचलून तिने शर्वरीच्या गळ्यावर टेकवला.

"कुणी मारलं?"

"निहालने."

"तुझ्या मित्राने."

"हो."

भाल्याचं टोक कातडीत शिरलं. शर्वरीने डोळे मिटले नाहीत. हात जोडले नाहीत. मागे काठावर एक गाय कोसळली, तिच्या पाठोपाठ दुसरी. वासरू तिच्या कोरड्या सडाला ढुशा देत होतं. नायसुलाने तिकडे पाहिलं. तिने भाला मागे घेतला आणि उलट्या हाताने शर्वरीच्या थोबाडीत अशी लगावली, की ती खडकावर पालथी पडली.

"ऊठ," नायसुला म्हणाली. "चालव ते यंत्र."

ब्रेकर खडकावर धडधडू लागला. आधी नुसती पांढरी धूळ उडाली, मग भेग गेली, मग एक मोठा पापुद्रा उचलला गेला. खालची वाळू ओली होती. बायकांनी हातांनीच ती उपसली. गढूळ पाणी हळूहळू वर आलं. शर्वरीने यंत्रावरूनच घसा फुटेस्तोवर ओरडून सांगितलं, जनावरं खाली आणू नका, मुतू देऊ नका इथे, पाणी वर न्या. नायसुलाने ते आपल्या भाषेत सांगितलं आणि माणसांची रांग लावली. पाण्याची भांडी हातोहात काठावर चढू लागली. नायसुलाने स्वतः पहिल्या पाण्याने भावाच्या तोंडावरचं रक्त धुतलं.

त्यानंतर पोलीस आले, हेलिकॉप्टर आलं, दोन्ही देशांचे अधिकारी आले. शर्वरीने जे घडलं ते सगळं सांगितलं, निहालची गोळीसुद्धा. निहालला नेताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. देऊस्कर सरांचं शव विमानाने गेलं. विटांचं काम आणि पाच देशांतले बेत थांबवण्यात आले. तरी थांबवायला उशीर झालाच होता. लोयांगाच्या खालच्या अंगाला, जिथे जिथे कळप पाण्याला जमत तिथे तिथे, पहारी ठणठण वाजू लागल्याच्या बातम्या येत होत्या.

उरलेल्या मुलांना मायदेशी न्यायला बस आली, त्या सकाळी शर्वरी पिशवी घेऊन नदीवर गेली. तिला नायसुलाचा निरोप घ्यायचा होता. निरोप कसा घ्यावा ते मात्र सुचत नव्हतं. नायसुला झिऱ्यात गुडघाभर उतरून पाणी भरत होती. त्या दिवसापासून कामापलीकडचा एक शब्द ती शर्वरीशी बोललेली नव्हती.

"मी निघाले," शर्वरी म्हणाली.

नायसुलाने भांडं भरलं, वर दिलं, दुसरं घेतलं.

"जा," ती म्हणाली. "गेलीस तर एक दिवस माझा राग निवेल. माणूस लांब असलं की राग निवतो. राहिलीस तर रोज तुझं तोंड बघीन आणि रोज मला तो आठवेल. मला तुझा तिरस्कार वाटेल."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावली.

"पण ते यंत्र आमच्यात कुणाला चालवता येत नाही," नायसुला भांडं भरता भरता म्हणाली. "खालच्या गावात पाणी आटलंय. तिथे माझी मावशी राहते."

काठावर बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरने तिचं नाव घेऊन हाक मारली. बसच्या खिडक्यांतून मुलं वाकून बघत होती.

शर्वरीने पिशवी वाळूवर ठेवली, यंत्रावर चढली आणि त्याचं तोंड खालच्या गावाकडे वळवलं.